आधीचे दहा दाखव

रविवारी सकाळी आठच्या सुमारास आमच्या ओट्यापुढे तीन-चार गाड्या लागतात. शेजारच्या वहिनींना अजून वाटतं की मी शिकवण्या घेते. शिकवणी कसली! पोरं येतात, मोबाईल पुढे करतात आणि म्हणतात, "काकू, फोटू बघा की." मी चष्मा पुसते, फोटो बघते आणि तोंड उघडते. ते तोंड उघडणं मला साठी ओलांडल्यावर थोडंफार जमायला लागलंय, त्याबद्दल आज लिहिते.

आधी माझी लायकी सांगते. मी फोटोग्राफर नाही. आमच्या अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, सांगलीत गणपती पेठेमागच्या एका बोळात स्टुडिओ होता. मॅट्रिकच्या सुट्टीत त्यांनी मला रिटचिंगच्या टेबलाशी बसवलं आणि पुढची बावीस वर्षं मी तिथून फारशी उठले नाही. उतरत्या पेटीत बसवलेली काच, खाली आरसा, खिडकीतला उजेड आरशावरून काचेवर यायचा. काचेवर निगेटिव्ह, म्हणजे काळं-पांढरं उलटं आलेली फिल्म, ठेवायचं, त्यावर मीडियम नावाच्या चिकट द्रावाचा पुसट बोळा फिरवायचा, म्हणजे पेन्सिल धरते. पेन्सिल सँडपेपरवर घासून सुईसारखी केलेली. प्रिंटमध्ये काळी दिसणारी पुटकुळी निगेटिव्हमध्ये विरळ असते. तिथं बारीक बारीक ठिपके देत ती जागा शेजारच्या कातडीइतकी दाट करायची. प्रिंट निघाला की पुटकुळी गायब.

अण्णांचा नियम एकच होता. आठ दिवसांत जाणारं काढायचं, जन्माचं ठेवायचं. पुटकुळी, ओरखडा, दाढी करताना कापलेलं, हे काढ. तीळ, देवीचे व्रण, तुटका दात, हे राहू दे. एकदा मी एका मुलीच्या हनुवटीवरचा तीळ उडवला, हौसेनं. फोटो सोयरिकीसाठी काढलेला. पाहुणे आले, मुलगी बघितली आणि म्हणाले, फोटोतली धाकटी होती का? अण्णांना स्वतः जाऊन खुलासा करावा लागला. घरी आल्यावर मला काही बोलले नाहीत, पण माझ्या पेन्सिली दोन दिवस त्यांच्या टेबलाच्या खणात होत्या.

सांगायचं एवढंच की दुसऱ्याच्या चेहऱ्यातल्या चुका शोधायची मला सवय आहे. ती माझी रोजीरोटी होती. आणि पोरांचे फोटो बघताना ह्या सवयीनंच माझा घात केला.

२०१९चा फेब्रुवारी. मार्केट यार्डात हळदीचा हंगाम सुरू झालेला. त्या दिवसांत यार्डात शिरलं की नाकाआधी डोळ्यांना हळद कळते; पोती, फरशा, हमालांच्या भुवया, सगळं पिवळं. आयटीआयला जाणारा एक एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा आमच्याकडे नव्यानंच यायला लागला होता. त्यानं एक फोटो दाखवला. पोत्यांच्या थप्पीला टेकून बसलेला एक हमाल, डोळे अर्धे मिटलेले, मांडीवर हूक, शेडच्या दारातून आडवा उजेड.

मी म्हटलं, "डोक्यातून खांब उगवलाय बघ. उजवा पंजा मनगटातच कापलाय, असा सांध्यावर कापू नये, लुळा दिसतो. सदरा निळसर पडलाय, एवढा पिवळा रंग समोर आला की मोबाईल तो मारायला निळ्याकडे झुकतो, व्हाइट बॅलन्स हातानं लावायचा. हनुवटीखाली पिवळी झाक आलीय, ती समोरच्या ढिगावरून उलटलेल्या उजेडाची, तिचं वाईट नाही. पण माणूस झोपाळलेला आहे. जरा बोलतं करायचं होतंस त्याला."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. "बरं काकू," म्हणाला, वाटीतलं भडंग संपवलं आणि गेला. पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी विचारलं तेव्हा बाकीची पोरं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी एक जण म्हणाला, "त्याचं वडील हुतं ते, काकू."

मी त्याच्या फोटोवर पेन्सिल चालवली होती. आणि खरं सांगायचं तर पेन्सिल चालवताना तरी मी निगेटिव्हच्या पाकिटावरचं नाव वाचायची. इथं तेवढंही विचारलं नव्हतं.

डोरोथिया लँग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफर बाईंनी काढलेला एक फोटो बऱ्याच जणांनी पाहिला असेल. मार्च १९३६, कॅलिफोर्नियात निपोमो नावाचं गाव, वाटाणा तोडायला आलेल्या मजुरांचा तळ. एक आई गालाला हात लावून लांब कुठं तरी बघतेय, दोन पोरं तिच्या खांद्यांत तोंड लपवून आहेत आणि मांडीवर तान्हं. त्या फोटोच्या दोन गोष्टी मला रिटचर म्हणून आणि काकू म्हणून कायम आठवतात. एक, उजव्या खालच्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेला एक अंगठा होता, तो लँगबाईंनी मागाहून निगेटिव्हवरच पुसट करून घेतला. आमच्याच धंद्यातलं काम! दुसरी, बाईंनी तिचं नाव विचारलंच नाही. वय तेवढं कळलं, बत्तीस. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव जगाला कळलं १९७८ साली. अंगठा दिसला, नाव विचारायचं राहिलं. हे वाचलं तेव्हा मला हळदीच्या फोटोतला तो खांबच आठवला.

त्या फोटोची तिसरीही एक गोष्ट आहे आणि ती माझ्या जास्त कामाची. तो एकच फोटो नाही. त्या भेटीत लँगबाईंनी सहा-सात काढले. लांबून तंबूसकट सुरुवात केली आणि जवळ जवळ सरकत गेल्या. आपल्याला ठाऊक असतो तो शेवटचा. आधीचे बघितले की कळतं, बाई काय सोडत गेल्या.

हे मला कळायला आमच्याकडे पूर यावा लागला. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५. स्टुडिओ केव्हाच बंद झाला होता, पण अण्णांची निगेटिव्हं भावाच्या घरी खालच्या कपाटात होती. पाणी उतरल्यावर कपाट उघडलं तर पाकिटांच्या वड्या झालेल्या. फिल्मवरचं जिलेटिन पाण्यानं फुगतं आणि वाळताना शेजारच्याला धरून बसतं. सोडवायला गेलं की चेहराच सोलून निघतो. सगळं टाकलं. माळ्यावर होती म्हणून वाचली ती एक जाड वही. तिच्यात काँटॅक्ट शीट चिकटवलेल्या.

नव्या पोरांसाठी सांगते: रोल धुतला की निगेटिव्हच्या पट्ट्या थेट कागदावर ठेवून एकत्र प्रिंट काढायचा. १२० च्या रोलवर चौकोनी बारा फोटो यायचे, ते बाराही एका कागदावर, टपाल तिकिटांसारखे. त्यातला जो मोठा करायचा त्याभोवती अण्णा लाल पेन्सिलनं चौकट काढायचे.

ती वही मी पुरानंतर पहिल्यांदा नीट बघितली. माझ्यापुढे आयुष्यभर आलं होतं ते लाल चौकटीतलं. बाकीचे अकरा मी बघितलेच नव्हते. आणि अकरांत काय काय होतं! अण्णांची स्वतःची सावली, पापणी मिटलेला नवरदेव, पडद्याची कड दिसतेय, मुलगा रडतोय, मुलगा पळालाय, रिकामी खुर्ची. एका पानावर एका म्हाताऱ्या वकिलांचे बारा. पहिल्या आठांत ते छाती काढून बसलेत, नवव्यात वैतागलेत, दहाव्यात अण्णांशी काही तरी बोलताहेत, आणि लाल चौकट अकराव्याभोवती. बाराव्यात परत छाती. अण्णांचं कसब त्या चौकटीत होतं की आधी दहा वाया घालवण्यात, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या मुलाकडे वळते. गणपतीत विसर्जनाच्या संध्याकाळी सरकारी घाटावर तो दिसला. मी त्याला गर्दीतून बाजूला घेतलं आणि म्हटलं, "तो वडिलांचा फोटो आहे का रे अजून?" होता. "मग त्याच्या आधीचे दहा दाखव."

आधीचे सोळा होते. ढोलांच्या आवाजात, पायरीवर बसून, आम्ही ते एकामागून एक बघितले. पहिल्या तिघांत वडील दुसऱ्या हमालाशी बोलताहेत, पाठमोरे. चौथ्यात हसताहेत, पण समोरून पोतं गेलंय. सातव्यात मुलगा दिसला त्यांना. आठव्यापासून बारापर्यंत ते फोटोसाठी बसलेत, पाठ ताठ, टॉवेल सारखा केलेला, नजर समोर, अगदी आमच्या स्टुडिओतल्यासारखी. तेराव्यात मुलगा दोन पावलं डावीकडे सरकला. खांब गेला, पण हातही पोत्याआड गेला. चौदाव्यात परत जागेवर. आणि सतराव्यात डोळे अर्धे मिटलेले.

"हाच का घेतलास?" मी विचारलं.

"हितं ते मला इसरलं," तो म्हणाला.

आता सांगा, 'जरा बोलतं करायचं होतंस' हा सल्ला मी कुणाला दिला होता? त्यानं पाच फोटो जाग्या, सावध माणसाचे काढले होते आणि ते टाकून हा ठेवला होता. मी ज्याला चूक म्हणत होते ती त्याची निवड होती. खांबाचंही तेच. खांब त्याला दिसला होता, तो हललाही होता, आणि हात गेला म्हणून परत आला. मग मी त्याला एकच गोष्ट सांगितली: "दोन पावलं सरकलास. अर्धं पुरलं असतं." जवळचा माणूस आणि लांबचा खांब एका रेषेतून सुटायला वीतभर हलणंही पुष्कळ होतं, आणि हात जागच्या जागी राहतो. त्यानं तिथंच, घाटाच्या पायरीवर, माझ्यामागच्या विजेच्या खांबावर ते करून बघितलं.

तेव्हापासून आमच्या ओट्यावर एकटा फोटो बघायचा नाही. आधीचे दहा दाखवायचे. पोरं पहिल्यांदा फार लाजतात. निवडलेला फोटो म्हणजे लग्नातला पोशाख, आणि आधीचे दहा म्हणजे घरातली बनियन. शिवाय काहींकडे आधीचे नसतातच, लगेच पुसून टाकलेले असतात. पुसायचं नाही, निदान रविवारपर्यंत तरी. आणि काहींकडे नसतात कारण त्यांनी एकच काढला, लाजून, आणि पळाले. तेही बोलण्यासारखंच असतं.

दुसरी सवय मी स्वतःला लावून घेतलीय. आधी मला काय दिसलं ते सांगायचं, चांगलं-वाईट न म्हणता. मग त्यानं सांगायचं, त्याला काय दाखवायचं होतं. डिसेंबरात एकानं आयर्विन पुलावरचा पहाटेचा फोटो आणला. पूल १९२९चा, त्याच्या दगडी कमानी धुक्यात फार देखण्या दिसतात, सांगलीत कॅमेरा घेतलेला प्रत्येक माणूस तिथं एकदा तरी जातोच. मी म्हटलं, "मला आधी दुधाचे कॅन दिसले. मग सायकल. मग कॅनच."

"काकू, मी धुक्याचा फोटू काढला हुता," तो म्हणाला.

त्याच्या बोलण्यात आणि माझ्या दिसण्यात जे अंतर पडलं, तेवढ्याबद्दलच बोलायचं. डोळा उजळ आणि चकचकीत गोष्टीकडे आधी धावतो, आणि करड्या धुक्यात ओल्या स्टीलइतकं उजळ काय असणार? मग दोनच वाटा: गवळी जाऊ द्यायचा, नाही तर गवळ्याचाच फोटो काढायचा. कुठली घ्यायची ते त्याचं त्यानं ठरवावं. फोटो चांगला की वाईट हा विषय निघालाच नाही, आणि निघाला नाही तरी अर्धा तास सहज गेला.

व्हॉट्सअॅपवरच्या 'एक नंबर भावा', 'कडक', 'जाळ' ह्या दादेबद्दल मी पूर्वी नाक मुरडायची. आता नाही मुरडत, पोरांना ते हवं असतं आणि मिळतंय तर मिळू दे. पण 'रूल ऑफ थर्ड्स पाळलेला नाही', म्हणजे फोटोचे आडवे-उभे तीन भाग पाडून त्या रेषांवर विषय ठेवलेला नाही, असं म्हणणारी एक जमात आहे, त्यांच्यापेक्षा 'जाळ' परवडला. निदान त्या माणसानं फोटो बघितलेला असतो.

एका बाबतीत मात्र मी अजूनही ताठ आहे. एका मुलानं माई घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांचे फोटो आणले. ओले कपडे, पदर खोचलेले, सगळ्या पाठमोऱ्या. उजेड सुरेख होता. मी विचारलं, "त्यांना ठाऊक होतं?" नव्हतं. मी मोबाईल परत दिला. मांडणी, उजेड, काही बोलले नाही. त्याला राग आला, स्ट्रीट फोटोग्राफीत परवानगी विचारत बसलं की क्षण जातो, असं म्हणाला. जातो ना. जाऊ दे. चौकातल्या माणसाचा क्षण आणि घाटावरच्या ओल्या बाईचा क्षण एका मापानं मोजता येत नाही, आणि ज्याला हे कळत नाही त्याला मी उजेडाबद्दल सांगणार नाही. यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. तो येतो मात्र.

मुलींना सल्ला देताना मी वेगळ्याच ठिकाणी आपटले. कॉलेजातली एक मुलगी कापड पेठेतले फोटो आणायची, सगळे रस्त्याच्या पलीकडून, मोबाईलचा झूम ताणून काढलेले. ताणलेला झूम म्हणजे फोटो कापून मोठा करणंच झालं, चेहरे शेवयांसारखे विरघळतात. मी दर वेळी म्हणायची, "जवळ जा." चौथ्या रविवारी ती म्हणाली, "काकू, जवळ गेलं की चार लोक विचारतात, कुठल्या पेपरची? आणि चार लोक काहीच विचारत नाहीत, नुसते बघतात." 'जवळ जा' हे शब्द मुलाला सांगितले तर सल्ला असतो. तिला सांगितले तर मी तिला काय करायला लावत होते याचा हिशेबच केला नव्हता. पुढच्या बुधवारी मी पिशवी घेऊन तिच्याबरोबर गेले. मी परकर-पोलक्याचं कापड बघत, भाव करत उभी राहिले, ती तीन हातांवरून दुकानदाराचे फोटो काढत होती. पंचवीस मिनिटं. फोटो बरे आले. कापडही घ्यावं लागलं.

तिचंच आणखी एक. तिनं आजीचा चेहरा अगदी जवळून काढला, हातभर अंतरावरून. आजी म्हणाली, माझं नाक एवढं मोठं नाही. आजीचं बरोबर होतं. मोबाईलचा नेहमीचा कॅमेरा रुंद बघणारा असतो, त्यामुळे चेहऱ्यानं फोटो भरायचा तर आपण फार जवळ जातो. आणि फार जवळून नाक कानाच्या मानानं कॅमेऱ्याच्या खूपच जवळ येतं, म्हणून ते मोठं येतं. दोन पावलं मागे जाऊन दुप्पट झूमवर काढलं की नाक आपल्या जागी बसतं. इथं मात्र मी सरळ उपाय सांगते, हिला काय दाखवायचं होतं वगैरे विचारत बसत नाही. आजीचं नाक हा मतभेदाचा विषय नाही.

आणि त्या चेहरा गुळगुळीत करणाऱ्या फिल्टरबद्दल पोरं माझ्याकडे मोठ्या आशेनं बघतात, की काकू आता झोडपणार. कुठल्या तोंडानं? बावीस वर्षं तेच केलंय. फक्त अण्णांचा नियम सांगते, तीळ राहू दे.

त्या हळदीच्या फोटोचा मी या दिवाळीत आठ बाय बाराचा प्रिंट काढून घेतला, निळसर सदरा थोडा सुधारून. मनगट तसंच, खांब तसाच. मुलगा घरी घेऊन गेला. पुढच्या रविवारी मी विचारलं, काय म्हणाले वडील?

"आधी म्हणालं, झोपल्याला कशाला काढलास." पोरं हसली. मीही.

"मग?"

"मग म्हणालं, जागा बराबर गावली. ह्या खांबाच्या म्होरंच बसतो मी रोज, त्येच्यावर बारा नंबर घातलाय बघ."

मी मोबाईल मागून घेतला आणि फोटो मोठा करून बघितला. डोक्याच्या वर, खांबावर, चुन्यानं रंगवलेला बारा आकडा होता.